उभ्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

आमची गाडी उभ्या उभ्या थरथरते, हे सर्वांत आधी समोरच्या शेजाऱ्यांच्या लक्षात आलं. आमच्या घरातल्या बहुतेक गोष्टी आधी त्यांच्याच लक्षात येतात. हे गृहस्थ हिशेब तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत, पण दुसऱ्याची चूक दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही तोच आनंद पसरतो.

"एसी लावला की जास्त हादरते बघा तुमची गाडी," ते जिन्यात म्हणाले.

मी म्हटलं, गाडी वयात आली आहे, थोडं थरथरणारच. वयात आली हा शब्दप्रयोग चुकीचा आहे हे मला माहीत आहे. मुळात ही गाडी मी घेतली तेव्हाच ती दुसऱ्या कोणाकडे बरीच वर्षं राहून आलेली होती, आणि घरातल्या, ऑफिसातल्या आणि सासुरवाडीच्या एकूण एक माणसाने मला ती घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. आयुष्यात मी स्वतःच्या मनाने घेतलेली ती एकमेव वस्तू. बाकी सगळं मला लोकांनी सुचवलेलं आहे. त्यामुळे तिच्यावर कोणी बोट ठेवलं की ते थेट माझ्या डोळ्यात जातं.

पण दुसऱ्या दिवशी गाडी सुरू करून न्यूट्रलला ठेवली आणि खरंच, स्टिअरिंगवर ठेवलेले माझे हात हलत होते. इंजिन चार पावलं नीट चालायचं आणि पाचव्याला ठेचकाळायचं. मग पेट्रोलचा काटा बघितला. निवृत्त झाल्यापासून मी गाडी फारशी काढत नाही. जाणार कुठे? किलोमीटरचा आकडा जवळजवळ जागच्या जागी होता आणि पेट्रोल मात्र अर्ध्याच्या खाली. हिने, म्हणजे बायकोने, चहा देता देता म्हटलं, "अहो, मला जरा बोलायचं होतं."

"बोलू, बोलू," मी म्हणालो. "आधी हे ऐक. गाडी चालत नाही आणि पेट्रोल पिते. याचं अ‍ॅव्हरेज काढायचं कसं?" आणि मी तिला अ‍ॅव्हरेज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि कप उचलून आत गेली.

आमच्या भागातल्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात. लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटतो, त्यावरून हे नाव पडलं. त्याने बराच वेळ डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं झोप लागली. मग म्हणाला, "मिस मारतेय. ठोका चुकवतेय."

एवढं मलाही माहीत होतं. त्याने प्लग काढून दाखवले. चारही काळेकुट्ट, काजळी धरलेले.

"गाडी उभी करून चालू ठेवता का?"

"मी काय वेडा आहे का?" मी म्हणालो. मी वेडा नाही हे त्याने तत्काळ मान्य केलं आणि चारही प्लग बदलले. दोन दिवस गाडी मुकाट चालली. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठेचकाळायला लागली आणि पेट्रोल पुन्हा खाली. मग इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी धुऊन झाली. एअर फिल्टर नवा आला. मग डॉक्टरच्या भाच्याकडून एक यंत्र मागवण्यात आलं, ते गाडीला जोडलं की पडद्यावर रोगाचं नाव येतं म्हणे. पडद्यावर आलं की रोग नाही. डॉक्टरने पडद्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक सेन्सर बदलला. माझ्या अंदाजाने तो कोणता तरी बदलायचा म्हणून बदलला. दर वेळी तेच: दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी जैसे थे, आणि प्लग काढले की काजळी.

"खरंच उभी करून चालू ठेवत नाही ना?" त्याने पुन्हा विचारलं.

एखाद्या माणसाला त्याच प्रश्नाचं तेच उत्तर द्यायला लावणं हा अपमान आहे, आणि मी त्याला तसं सविस्तर सांगितलं. तो बोनेटखाली डोकं घालून ऐकत राहिला.

घरी मी रोज सगळ्यांना परिस्थिती सांगत होतो. शेवटी गाडी घरची आहे, घरच्यांना माहिती हवी. जेवताना इंधन आणि हवा यांचं प्रमाण, चहाला काजळीची कारणं. माझे बाबा पंच्याऐंशीच्या घरात असून सगळं शांतपणे ऐकायचे, मधेच "मी जरा खाली पाय मोकळे करून येतो" म्हणून उठायचे. ते आले की मुलगी अभ्यासाची पुस्तकं घेऊन मैत्रिणीकडे जायची. ती आली की हिला काहीतरी आणायला जायचं असायचं. पण माझ्यापाशी कोणी ना कोणी कायम असे, हे मी आवर्जून नमूद करतो. आमचं कुटुंब एकत्र आहे ते असं.

एकदा मी चिडून म्हणालो, "विकूनच टाकतो ती गाडी." तर तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं. बाबांचा घास हातातच राहिला. मुलगी मला म्हणाली, "बाबा, असं काही करू नका हं." ही तर रडकुंडीला आली. जी गाडी घ्यायला या सगळ्यांचा विरोध होता तिच्यावर आज त्यांचा असा जीव बघून मला अगदी भरून आलं. मी गाडीसाठी काहीही करायचं ठरवलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी धुराच्या चाचणीत नापास झाली.

जुन्या गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर ही चाचणी लागते. नोंदणी कार्यालयाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आणखी एक संधी मिळेल, त्यात नापास झाली तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. शब्द तोच वापरला, भंगार. दुसऱ्या संधीसाठी बिघाड दुरुस्त केल्याचा दाखला आणायचा होता. मी डॉक्टरकडून आणला.

"यात बिघाड कोणता होता ते लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या.

मी परत डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "कोणता लिहू? मी तर सगळंच बदललंय." त्याने तसं लिहून दिलं. बाईंनी ते वाचलं. "सगळंच बदललं म्हणजे जवळजवळ नवी गाडी झाली. नव्या गाडीची खिडकी वेगळी." त्या वेगळ्या खिडकीतल्या गृहस्थांनी गाडी डोळे भरून पाहिली आणि ती नवी नाही असं तोंडी सांगितलं. मी ते लेखी मागितलं. गाडी जुनी असल्याचा दाखला मिळवण्यात माझी सबंध सकाळ गेली, आणि तो मिळाल्यावर मला आनंद झाला, यावरून माझी तेव्हाची मनःस्थिती लक्षात यावी.

"पेट्रोल चोरीला जातंय," शेजारी म्हणाले. "सरळ गोष्ट आहे. गाडी उभी, काटा खाली. हिशेबात एवढी तूट आली की आम्ही आधी घरच्या माणसांकडे बघायचो."

"घरच्या माणसांकडे?"

"म्हणजे इमारतीतल्या," ते घाईघाईने म्हणाले आणि टाकीच्या झाकणाला कुलूप बसवण्याचा सल्ला दिला. मी बसवलं. पेट्रोल तरीही कमी होत राहिलं. पंपावर गेलो तेव्हा कुलपाची किल्ली कुलपातच मोडली. मागे रांग लागली होती. पंपावरच्या माणसाने पक्कड आणली, मग हातोडी आणली, मग रांगेतले लोक उतरून मदतीला आले. चोराने टाकी उघडली असती तरी एवढा गाजावाजा झाला नसता. झाकण निघालं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी इतका खजील झालो की थोडंसंच पेट्रोल भरून निघून आलो.

मग मी पाळत ठेवायची ठरवलं. घरी सांगितलं की जुन्या ऑफिसात जाऊन येतो, आणि समोरच्या वाचनालयाच्या खिडकीत वर्तमानपत्र धरून बसलो. तिथून पार्किंगची शेड स्वच्छ दिसते. दिवसभर गाडीकडे कुत्रंही फिरकलं नाही. वर आमच्या गॅलरीतून मात्र हसण्याचे आवाज येत होते, बाबासुद्धा हसत होते. पेट्रोलचा काटा जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशीही तेच.

"चोराला तुमच्या हालचाली कळतात," शेजारी म्हणाले. "तुम्ही घरी असलात की तो येतो. धाडसी माणूस दिसतो."

म्हणजे मी घरी आहे असं दिसायला हवं होतं. मी जेवल्यावर डोकं दुखतं म्हणून सांगितलं, आतल्या खोलीत गेलो, पलंगावर उश्या ठेवून त्यावर पांघरूण घातलं, उशीच्या टोकाला माझी कानटोपी बसवली आणि मागच्या जिन्याने खाली उतरलो. सोबत एक चादर घेतली. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधल्या जागेत आडवा झालो आणि चादर ओढून घेतली. निवृत्त माणसाने हे करू नये. एक पाय खाली दुमडला गेला, दुसरा कुठे गेला ते मला कळलं नाही, आणि रबरी पायपुसण्याचा वास थेट नाकात. तरी गाडीसाठी, घरच्यांच्या त्या रडवेल्या चेहऱ्यांसाठी, मी पडून राहिलो.

थोड्या वेळाने किल्ली फिरली. पुढची दोन्ही दारं उघडली आणि दोन माणसं आत बसली. चोर दोन होते. इंजिन सुरू झालं, एसी सुरू झाला, सीट मागे सरकली आणि माझ्या बरगडीत रुतली.

"आज हादरे जास्त देतेय काका," एक चोर म्हणाला. आवाज शेजाऱ्यांचा होता.

"देऊ दे," दुसरा चोर म्हणाला. "गार हवा येतेय ना? आणि इंजिन चालू असलं की वरचं काही ऐकू येत नाही." हा आवाज माझ्या जन्मदात्याचा होता.

त्यानंतर ते दोघं बोललेच नाहीत. नुसते बसून राहिले. बाबांनी एकदा समाधानाने उसासा सोडला, मग घोरायला लागले. इंजिन ठेचकाळत होतं, माझा गाल जमिनीला टेकलेला असल्यामुळे मला त्याचा एक एक चुकलेला ठोका मोजता येत होता, आणि माझं पेट्रोल कुठे जातं ते मला इतक्या जवळून कळत होतं की त्याहून जवळून कळणं शक्य नव्हतं. उठून जाब विचारावा असं फार वाटलं. पण चादरीखालून उठून जाब विचारणाऱ्या माणसाला आधी स्वतःच बराच खुलासा करावा लागतो.

काचेवर टकटक झाली. "बाबा, झालं का तुमचं?" ही म्हणजे बायको.

"झालंच. झोपलाय का तो?"

"पडलेत," ही म्हणाली.

ते दोघे उतरले, आता ही बसणार. पाळ्या लावल्या होत्या तर. तिने मागचं दार उघडलं, क्षणभर थांबली आणि हातातली पिशवी माझ्या पोटावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. मी श्वास रोखला. मग ती पुढे बसली, दार लावलं आणि फोनवर बोलायला लागली. बहिणीशी बोलत असावी.

"हो, गाडीतच आहे. इथेच बसतो आम्ही, बाबा, मुलगी, मी. आळीपाळीने. अगं, घरात ते असतात ना. सकाळी उठल्यापासून बोलतात. आधी पाण्याच्या टाकीवर बोलायचे, आता गाडीवर... नाही नाही, वाईट नाहीत. वाईट असते तर सोपं होतं, भांडता आलं असतं. प्रेमाने बोलतात गं. पण दुसऱ्याचं ऐकायचं असतं हे त्यांच्या गावीच नाही."

चादरीखाली माझे कान तापले.

"गुडघ्याचं अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणालेत ऑपरेशनच करावं लागेल, उशीर करू नका. जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन वेळा सांगायला गेले. एकदा अ‍ॅव्हरेज मधे आलं, एकदा प्लग, एकदा सेन्सर. आता मलाच भीती वाटते, नुसती ऑपरेशनची नाही. वाटतं, आपण पडलो अंथरुणात, तर आपल्याला काय होतंय ते विचारेल का हा माणूस? की मला गुडघ्याची रचना समजावून सांगेल?"

मग ठेवते, म्हणाली, आणि उतरून गेली. पिशवी न्यायची विसरली नाही.

मला त्या फटीतून बाहेर पडायला अर्धा तास लागला असेल. त्यानंतर मी बोललो नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला रागाने बोललो नाही. ज्या माणसाच्या गाडीत बसून त्याचंच पेट्रोल जाळून त्याच्याबद्दल असं बोललं जातं त्याने रुसायचं नाही तर काय करायचं? पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते दिवसभर दुखत होतं. ती मला गुडघ्याचं सांगेल म्हणून मी वाट बघत होतो. मला माहीत आहे हे दाखवायचं तर चादरीचं सांगावं लागलं असतं. म्हणून जेवताना मी गप्प. चहाला गप्प. तिच्या तोंडाकडे बघत बसायचो.

पहिल्या दिवशी बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, "बाबा, काही चुकलं का आमचं?" मग हळूहळू घर आपलं आपण बोलायला लागलं. बाबांनी त्यांच्या नोकरीतल्या साहेबाची एक गोष्ट सांगितली, ती मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती. मुलगी एका विषयात नापास होता होता वाचली होती, हे मला तेव्हा कळलं. पाय मोकळे करायला कोणी उठेना. शेजारी दोनदा दारात येऊन, "काका, येताय का खाली?" विचारून गेले, आणि बाबांनी दोन्ही वेळा त्यांना हाकलून लावलं.

हिने मात्र गुडघ्याचा ग काढला नाही. मी वाट बघून बघून थकलो. जिन्यात कठड्याला धरून ती एक एक पायरी उतरते हे मला दिसत होतं. आधीही ती तशीच उतरत असणार.

मी प्लग पुसून बसवले होते, ते आठवडाभराने काढले तर कोरडे, तांबूस, जसे असायला हवेत तसे. गाडी न्यूट्रलला ठेवली, तर चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागलं. पेट्रोलचा काटा तसूभर हलला नव्हता. घरात हे सांगावं असं वाटून माझ्या जिभेला अक्षरशः कळ आली. नाही सांगितलं.

चाचणीला जायच्या दिवशी ही म्हणाली, मी येते. तिला गाडीत बसताना आधी पाठ टेकून मग एक पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

गाडी पास झाली. चाचणीवाल्याने आकडा दोनदा तपासला आणि डोकं खाजवलं. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला. गाडी आता भंगारात जाणार नव्हती. एवढे दिवस ज्याच्यासाठी मी जिवाचं रान केलं ते झालं होतं, आणि परतताना मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. बाजूला ती गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

चौकात सिग्नल लागला. मी इंजिन बंद केलं. शेवटी मलाच राहवेना.

"गुडघ्याचं तू मला कधी सांगणार होतीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "गाडीत."

"ते तू बहिणीला..." एवढं बोलून मी थांबलो, कारण पुढे चादर येत होती.

"अहो, पलंगावर उशीला कानटोपी घातलेली मी बघितली. या उकाड्यात. खाली आले तर चादरीबाहेर तुमचा पाय. सपाता पण तुमच्याच." ती समोर बघत होती. "फोनवर कोणी नव्हतं."

"मग कोणाशी बोलत होतीस?"

"तुमच्याशी. म्हटलं, आज हलता येणार नाही, मधे बोलता येणार नाही. परत असा योग कधी यायचा?"

यावर मला बोलण्यासारखं भरपूर होतं. पेट्रोलबद्दल होतं, पाळ्यांबद्दल होतं, त्या सपातांबद्दलही एक खुलासा होता, आणि खरं म्हणजे गुडघ्याच्या सांध्याबद्दल मी त्या आठवड्यात वाचनालयात बसून बरंच वाचून ठेवलं होतं. सगळं अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"फार दुखतं का?" मी विचारलं.

ती माझ्याकडे वळली आणि सांगायला लागली. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री कूस बदलताना कसं होतं, डॉक्टरांच्या खोलीत एकटीच बसली होती तेव्हा काय वाटलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, कोणीतरी काच खाली करून माझ्या बुद्धीबद्दल काहीतरी बोललं. तिचं अजून झालं नव्हतं. मी किल्लीला हात लावला नाही.